लिस्बनचे अडीच दिवस

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही मिळाले. परिषद आटोपल्यावर लिस्बनमध्ये तुला अडीच दिवस मोकळे मिळणार आहेत आणि तेवढ्यात बावीस ठिकाणे कोणत्या क्रमाने बसवावीत, असा तुझा प्रश्न आहे. क्रम लावण्याच्या फंदात मी पडलो नाही. यादीतली सोळा नावे तांबड्या शाईने खोडली आहेत आणि तुझ्या मनातही नव्हती अशी दोन नावे समासात लिहिली आहेत. त्यामागची कारणे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, म्हणून यादी बाजूला ठेवून आधी ते वाच.

मी पहिल्यांदा त्या शहरात गेलो तेव्हा माझ्याही खिशात अशीच यादी होती. एका दिवसात चौदा ठिकाणे पाहून संध्याकाळी मोठ्या समाधानाने मी तिच्यावर खुणा केल्या. मात्र घरी परतल्यावर छायाचित्रांतले कोणते चर्च कोणते, हे मलाच सांगता येईना. पैशांचे पाकीट तेवढे एका खच्चून भरलेल्या ट्राममध्ये कायमचे राहिले. दुसऱ्या खेपेस मी यादी नेली नाही, एक तारीख नेली. १ नोव्हेंबर १७५५ ही ती तारीख. त्या शहरातल्या कोणत्याही इमारतीसमोर उभे राहिल्यावर तिला एवढेच विचारायचे, की बाई, त्या सकाळी तू पडलीस, वाचलीस की त्यानंतर जन्माला आलीस? हा प्रश्न हाताशी असला की अडीच दिवस पुरतात.

तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चमध्ये माणसे दाटलेली आणि वेदीवर मेणबत्त्या तेवत असताना, अटलांटिकच्या तळाशी झालेल्या भूकंपाने लिस्बन हादरले. पडत्या घरांतून निसटलेली माणसे मोकळी जागा म्हणून तेजो नदीच्या काठाकडे धावली. तिथे पाणी आधी मागे हटले आणि थोड्याच वेळात लाट होऊन अंगावर आले. त्यानंतर मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा, त्यातले ग्रंथालय, पूर्वेकडच्या मालाचा हिशेब ठेवणारी ‘कासा दा इंदिया’ ही कचेरी आणि उद्घाटनाला वर्षही न झालेले संगीतनाट्यगृह हे सारे त्यात गेले. राजघराणे त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होते म्हणून बचावले. पण राजा जुझे याने दगडी छपराचा असा धसका घेतला की पुढे तो आजुदाच्या टेकडीवर उभारलेल्या लाकूड-कापडाच्या वाड्यात राहू लागला.

तुझी पहिली अर्धी दुपार मी बाइशा या मधल्या सखल भागासाठी राखली आहे. सुरुवात नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिओ या चौकातून कर. गेलेला राजवाडा इथेच होता आणि त्यामुळे जुनी माणसे अजूनही या जागेला ‘वाड्याचे मैदान’ अशा अर्थाच्या जुन्याच नावाने ओळखतात. मधोमध राजा जुझेचा १७७५ चा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याच्या एका अंगाला एक हत्ती कोरलेला आहे, तो नीट पाहा. ज्याने हे शहर पुन्हा बांधवून घेतले त्या राजाच्या मंत्र्याची, मार्क्विस पोम्बालची, प्रतिमाही याच चौथऱ्यावर आहे. राजा वारल्यावर पोम्बालची मर्जी उतरली, तेव्हा ती काढून टाकण्यात आली आणि अर्धशतकाने पुन्हा बसवण्यात आली. इथून उत्तरेकडे पाहिलेस की गल्ल्या आखणीच्या दोरीने मारल्यासारख्या सरळ जाताना दिसतील. सोनारांची, चांदीकामाची, चांभारांची अशी व्यवसायांवरून पडलेली त्यांची नावे अजून टिकून आहेत.

ज्याला तू इतकी वर्षे वर्गात ‘भूकंपरोधक रचना’ म्हणून घोकले आहेस, त्या विषयाचा एक अगदी आरंभीचा धडा या सरळ गल्ल्यांतल्या भिंतींच्या पोटात आहे. मानुएल दा माया हा शाही अभियंता तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या घरात होता. शाही दप्तरखान्याचा रखवालदारही तोच होता आणि किल्ल्यातला दप्तराचा बुरूज कोसळल्यावर ढिगाऱ्यातून कागद वाचवण्यासाठी तो झटला होता. आहे तसे बांधावे, थोडे रुंद बांधावे, सगळे सपाट करून नव्याने बांधावे की शहरच दुसरीकडे हलवावे, असे सगळे पर्याय त्याने काही आठवड्यांत लिहून दिले. निवड झाली ती सपाट करून बांधण्याची. घरांच्या आतल्या भिंतींत उभ्या, आडव्या आणि तिरप्या लाकडांची जाळी करून तिच्या पोकळ्या दगडविटांनी भरायच्या, अशी पद्धत ठरली. तिला पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. नमुन्याचा सांगाडा चौकात उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावले आणि तो किती हलतो ते पाहिले, असे सांगतात. दोन घरांमधली भिंत आग अडवण्यासाठी छपराच्या वर काढलेली असते. खिडक्या-दारांची मापे ठरलेली असल्यामुळे तो माल आधी तयार करून आणता येत असे.

पोम्बालने पुढे गावोगावच्या पाद्र्यांना एक प्रश्नावली पाठवली होती. धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की उतरला, जमिनीला भेगा पडल्या का, पडल्या तर त्यांतून काय बाहेर आले, असे प्रश्न तिच्यात होते. देवाचा कोप म्हणून हात जोडून बसण्याच्या काळात एक सरकार भूकंपाची अशी मोजणी करते, याचे मला फार अप्रूप वाटते. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ च्या ऑक्टोबरात मी त्या गावांतून हिंडलो होतो, हे मी तुम्हा मुलांना सांगितले आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा बोजा, एवढ्यानेच माणसे झोपेत गाडली गेली. काही ठिकाणी माळवदाखालचे लाकडी खांब उभे होते आणि भिंती मात्र त्यांच्यापासून सुटून पडल्या होत्या. तिथे जे लाकूड भिंतीपासून वेगळे राहिले, ते बाइशात भिंतीच्या आत बांधून घेतलेले आहे. म्हणून हा भाग तू केवळ दुकाने पाहत ओलांडू नयेस, एवढीच माझी इच्छा आहे.

समासात लिहिलेले पहिले नाव याच भागातले आहे. रुआ दुश कुर्रेएरुश या गल्लीत एका बँकेच्या इमारतीखाली उत्खननाची जागा जपली आहे. मार्गदर्शकाबरोबर ती विनाशुल्क पाहता येते, मात्र वेळ आधी ठरवावी लागते आणि ते काम तू इथूनच कर. तिथे रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद आहेत आणि त्याच खड्ड्यात पोम्बालच्या काळात गाळाच्या जमिनीत ठोकलेले पाइनचे खुंट आहेत. हे लाकूड पाण्यात बुडालेले राहिले तरच टिकते, वाळले की कुजते. भूजल खाली गेले तर बाइशाचे काय होईल, हा प्रश्न मार्गदर्शकाला जरूर विचार.

संध्याकाळी कार्मोकडे चढ. तुझ्या यादीत सांता जुस्ता ही १९०२ ची लोखंडी लिफ्ट आहे. ती खालून पाहा, रांगेत तास घालवू नकोस, कारण चढाची गल्ली दहा मिनिटांत तुला त्याच जागी पोचवते. कार्मोचा मठ १३८९ सालचा. भूकंपात त्याचे छप्पर गेले आणि पुढे दुरुस्ती अर्ध्यावर सोडल्यामुळे त्याच्या दगडी कमानी आजही उघड्या आभाळाखाली फासळ्यांसारख्या उभ्या आहेत. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चे तू पाहिली आहेस, तेव्हा हे दृश्य तुला ओळखीचे वाटेल. मठासमोरच्या चौकात आणखी एक गोष्ट घडली आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी इथल्याच सैनिकी कचेरीत पंतप्रधान कायतानो याने बंडखोर सैनिकांपुढे शरणागती पत्करली आणि जवळपास अर्धशतक चाललेली हुकूमशाही संपली. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला हे आपण शाळेत शिकतो. पण पोर्तुगालने ती वस्तुस्थिती मान्य केली ती या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस. त्या चौकात जांभळ्या फुलांची झाडे आहेत आणि बसायला बाके आहेत. तिथे थोडा वेळ बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलें गाठ. तो सोमवार नाही ना, हे आधी तपासून घे, कारण सोमवारी जेरोनिमोस मठ आणि बरीचशी संग्रहालये बंद असतात. अनेक वास्तूंची दुरुस्तीही आलटून पालटून चालू असते, म्हणून कोणते दार उघडे आहे हे निघण्यापूर्वी पाहावे. ट्रामपेक्षा काइश दु सोद्रे स्थानकातून सुटणारी लोकल बरी पडते. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचलास, तर ऊन आणि सहलींचे जथे दोन्ही टळतील.

जेरोनिमोस मठाच्या दारात तारखेचा प्रश्न विचारलास तर तो ‘वाचलो’ असे उत्तर देईल. राजा मानुएलने १५०१ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले आणि त्याचा खर्च पूर्वेकडून येणाऱ्या मिऱ्यांवर व इतर मसाल्यांवर बसवलेल्या सुमारे पाच टक्के करातून भागला. खांबांवरचे दोरखंड, पोवळी, सागरी वनस्पती, ग्रहगोलांची कडी हे सगळे फिकट चुनखडीच्या दगडात इतके नाजूक कोरले आहे की हात लावायचा मोह होतो. चर्चमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे आणि उजव्या हाताला कामोंइशची. पहिला १५२४ मध्ये कोचीला वारला आणि त्याच्या अस्थी नंतर इकडे आणल्या गेल्या. दुसरा कवी, त्याने गोव्यात काही वर्षे काढली. त्याची मूळ दफनाची जागा भूकंपात उद्ध्वस्त झाली होती, त्यामुळे या कबरीत असलेले अवशेष त्याचेच आहेत याची खात्री कोणी देत नाही. दोन्ही शिल्पे एकोणिसाव्या शतकातली आहेत, सोळाव्या नव्हे. तिथले बरेच पाहुणे या बाबतीत फसतात.

इथे एक गोष्ट मनात स्पष्ट ठेवावी, असे मला वाटते. त्या कोरीव खांबांचे कौतुक करताना संकोचू नये; कारागिराचा हात हा कारागिराचाच असतो. पण ज्या मिऱ्यांच्या करावर ते उभे राहिले, ती आपल्याच किनाऱ्यावरून, तोफांच्या धाकाखाली गेली होती, हेही विसरू नये. नदीकाठी पुढे ‘शोधांचे स्मारक’ आहे. ते १९६० मध्ये, हुकूमशाहीच्या ऐन भरात उभे राहिले आणि त्याच्या दगडात ‘शोध’ हा एकच शब्द मावला आहे. ते लांबून पाहिलेस तरी पुरे. त्याच्यासमोरच्या फरशीत जगाचा जो नकाशा जडवला आहे त्यात भारताचा किनारा शोध आणि पुढे चल.

बेलेंचा बुरूज मात्र जवळून पाहा, आणि तोही बाहेरून. आतल्या अरुंद जिन्यासाठी लोक दोन-दोन तास उन्हात थांबतात, तसे तू थांबू नयेस. बुरुजाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या मनोऱ्याखाली, आधाराच्या दगडात, गेंड्याचे झिजलेले डोके कोरलेले आहे. ओहोटीच्या वेळी ते बरे दिसते. हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला, अल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून रवाना झाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने तो न पाहताच, आलेल्या पत्रावरून आणि रेखाटनावरून, त्याचे चित्र लाकडात कोरले आणि त्याच्या मानेवर एक जादा शिंग बसवले. युरोपात पुढची अडीचशे वर्षे गेंडा म्हणजे ते चित्र.

दुपारी बेलेंची १८३७ पासूनची मिठाईवाल्यांची पेढी आहे, तिथे अंड्याच्या पिवळ्या बलकाची छोटी तव्यासारखी खोलगट पेस्ट्री मिळते. बाहेरची रांग पाहून मागे फिरू नकोस. ती बांधून नेणाऱ्यांची असते, आत बसायला निळ्या फरशांच्या बऱ्याच खोल्या आहेत. उरलेली दुपार मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. लिस्बनबाहेरचे सिंत्रा हे गाव खोडले म्हणून तू हिरमुसशील. पण सिंत्राला पूर्ण दिवस लागतो आणि अर्ध्या दिवसात तिथे केवळ बसची वाट पाहणे होते. सां जोर्जचा किल्लाही खोडला आहे, कारण त्याच्या आज दिसणाऱ्या तटबंदीतला मोठा भाग विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचा आहे आणि तिथून दिसणारा देखावा इतरत्र फुकट मिळतो.

तो मिळतो अल्फामाच्या चढावर, सांता लुझियाच्या सज्जात. तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत तिथे जा. त्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचे एक चित्र आहे. नदीकाठचा चौक भूकंपापूर्वी कसा होता, ते त्यात दिसते. पहिल्या दुपारी तू ज्या मोकळ्या जागेत उभा होतास, तिथला राजवाडा इथे भेटेल. मग खाली उतर, नकाशा न उघडता. अल्फामा हे नाव अरबी आहे, गरम झऱ्यांवरून आलेले; ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर घेण्यापूर्वीच्या वस्तीची वळणे या गल्ल्यांत आहेत. टेकडीची जमीन कठीण आणि बाइशाची गाळाची, त्यामुळे भूकंपातून हा भाग बराचसा तगला. सरळ रेषांच्या बाइशात चालल्यावर या वाकड्या बोळांत शिरलास, की एका शहराचे दोन जन्म पायांनाच कळतात. एवढेच, की तिथे लोक राहतात. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घरे रिकामी होत चालल्याने उरलेले रहिवासी आधीच वैतागलेले आहेत. त्यांच्या खिडकीत कॅमेरा खुपसू नये.

समासातले दुसरे नाव रोसिओ चौकालगतच्या सां दोमिंगुश चर्चचे. १५०६ मध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल इथून सुरू झाली; त्याची आठवण म्हणून बाहेर एक शिळा आहे. १७५५ मध्ये ते मोडले, १९५९ मध्ये आतून जळाले, आणि दुरुस्ती करताना तडकलेले, करपलेले खांब तसेच ठेवले. शेजारच्याच चौकात, आज जिथे नाट्यगृह आहे, तिथे धर्मसमीक्षणाची (इन्क्विझिशनची), म्हणजे ख्रिस्ती धर्मापासून ढळल्याच्या संशयावरून खटले चालवणारी, कचेरी होती. गोव्यातल्या तशाच कचेरीचा इतिहास तुला ठाऊक आहे. आत पाच मिनिटे बसलास तरी चालेल.

फरशांच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुमारे तेवीस मीटर लांबीचे, १७०० च्या सुमाराचे लिस्बनचे चित्र आहे. ते उघडे असेल तर तिसरी दुपार तिथे घालव, बंद असेल तर दुसरे संग्रहालय शोधू नकोस, झोप काढ.

काही किरकोळ गोष्टी. तिथल्या पदपथांवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे गुळगुळीत तुकडे जडवलेले असतात आणि पावसात ते साबणासारखे होतात; जाड रबरी तळव्याचे जुने बूट ने. अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये बसायचेच असेल तर अगदी पहाटे, आणि पाकीट पुढच्या खिशात. खानावळीत न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येते. ते फुकट नसते, नको असल्यास परत करावे, त्यात कोणी रागावत नाही. तू मांस खात नाहीस, तर ‘काल्दु वेर्द’ या कोबीच्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते हे लक्षात ठेव. फाडो हे तिथले उदास सुरांचे गाणे ऐकायला गेलास तर गाणे चालू असताना चमचादेखील वाजवायचा नाही. आणि भाषेला घाबरू नकोस. बटाटा, पाव, साबण, चावी, कोबी, अननस, काजू, लिलाव हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले आहेत. दुकानांच्या पाट्यांवर थोड्या निराळ्या उच्चारात ते पुन्हा भेटतील.

शेवटच्या संध्याकाळी काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी फेरी बोट पकड. दहा मिनिटांचा प्रवास आहे आणि साध्या प्रवासी कार्डावर होतो. जाताना नव्हे, येताना पुढे उभा राहा. उजवीकडे अल्फामाची दाटी, डावीकडे कार्मोची टेकडी आणि मधोमध आखून काढलेली बाइशा, अशी सारी रचना पाण्यावरून एका नजरेत येते. ज्या वेळी लोक या काठाकडे धावले, त्या वेळी लाट तुझ्या पाठीमागून आली होती.

परिषदेतल्या तुझ्या निबंधाविषयी स्वतंत्र लिहीन. गेंड्याचे छायाचित्र स्पष्ट आले तर मला पाठव. माझ्याकडचे धुक्यात निघाले आहे आणि त्यात शिंग कुठे संपते हे वीस वर्षांत मला ठरवता आलेले नाही.

तुझा,
जुना शिक्षक